उंची कमी करणे

सोमवार, ३ नोव्हेंबर

कात्री बाजूच्या शिवणीपाशी अडली. तिथं कापड चौपदरी असतं हे कापायला घेईपर्यंत माहीत नव्हतं. कात्री काढली, पुन्हा घातली, दोन्ही हातांनी दाबली. उजव्या पायाची पट्टी सुटली आणि टेबलाखाली गेली. उचलली तर बांगडीसारखी गोल.

मग डावा पाय. तो करंगळीएवढा लांब राहिला. कल्ले सारखे करता करता न्हावी गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत पोचतो, तसं होण्याआधी थांबलो. दुमडताना जुळवून घेईन.

पट्ट्यांवर हिची टीप आहे. कापल्यावर लक्षात आलं. मी निवृत्त झालो तेव्हा लेकीनं ही जीन्स आणली होती. लांब होती. हिने न कापता जास्तीचं कापड आत दुमडून शिवलं. म्हणाली, "असू दे आत. पुढं लागलं तर." मी म्हटलं होतं, साठीत कुणाची उंची वाढते?

ही गेल्या वर्षी गेली. पँट तेव्हा बरोबर बसत होती. आता मोहरी जमिनीवर लोळते. शनिवारी जिन्यात पाय अडकला. कठडा हाताशी होता म्हणून बरं. खालच्या मजल्यावर या वर्षीच राहायला आलेल्या वहिनी दारातच होत्या.

"भाऊजी, जिना झाडायचं कंत्राट घेतलंत की काय?"

"फुकटात करतोय," म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

माप कसं घेतलं ते लिहून ठेवतो. मोजणी खात्यात नकाशे काढण्यात आयुष्य गेलं, पण स्वतःच्या पँटची उंची एकट्याला मोजता येत नाही. खूण करायला वाकलो की पाय वर चढतात, उभा राहिलो की पुन्हा खाली. एक माणूस यंत्रापाशी आणि एक पट्टी धरायला, असे दोघं लागतातच. शेवटी खुर्चीच्या पायाला खडू बांधला, जमिनीपासून उंची ठरवली आणि पाय खडूला घासत गोल फिरलो. जमीन हलत नाही, म्हणून तिथून मोजलं. खूण सरळ आली.

पट्ट्या टाकवल्या नाहीत. आतल्या बाजूला पेन्सिलीनं 'उ १', 'डा १' लिहून हिच्या बटणांच्या डब्यात ठेवल्या.

बुधवार, ५ नोव्हेंबर

हिचं मशीन उघडलं. बॉबिनमध्ये अजून पिवळा दोरा होता. पडद्यांचा असेल. तो काढून निळा भरायचा, तर काढवेना. मग दुसरी बॉबिन शोधली.

पहिल्या जाड शिवणीवर सुई मोडली. टोक उडून कपाळाला लागलं. कोपऱ्यावरच्या दोऱ्या-बटणांच्या दुकानात गेलो. दुकानदारीण म्हणाली, "जीन्सला सोळा नंबर लागते. घरात बाईमाणूस नाही वाटतं?"

"आहे," म्हटलं.

का म्हटलं कोण जाणे.

सोळा नंबरनं काम झालं. टीप वेडीवाकडी आहे, पण पायाशी कोण बघतं? आरशात पाहिलं. बूट दिसतात. छान.

जेवण: पाव आणि दूध.

रविवार, ९ नोव्हेंबर

लेकीचा फोन. दर रविवारी असतो.

"जेवलात?"

"जेवलो."

"काय?"

"भात. भाजी."

"कुठली भाजी?"

इथं मी अडकलो. समोर मशीन होतं, त्यावरचा निळा दोरा जांभळट दिसला आणि मी "वांगं" म्हणून टाकलं.

"तुम्ही वांगं कधीपासून खायला लागलात बाबा?"

"माणूस बदलतो."

मग ती म्हणाली की एकोणतीसला येते आहे, दोन रात्रींसाठी. आणि हेही म्हणाली: "मी येऊन बघणार. तुम्ही ठीक असलात तर प्रश्नच नाही. नसलात तर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याबरोबर यायचं. मग कुरकुर चालणार नाही."

"मी ठणठणीत आहे."

"खुणेचा दगड तपासलात का?"

हे आमच्या घरातलं वाक्य. नोकरीला लागलो त्या वर्षी एका टेकडीची सगळी मोजणी चुकली होती. आकडे बरोबर, गणित बरोबर, तरी उतार उलटा येत होता. आम्ही यंत्र बदललं, माणसं बदलली. शेवटी कळलं की ज्या दगडापासून मोजायला सुरुवात केली तोच पावसात खचला होता. ही गोष्ट मी घरी इतक्यांदा सांगितली की पुढं तिला काही अर्थ उरला नाही. भात कच्चा राहिला तरी ही म्हणायची, "खुणेचा दगड तपासा."

लेकीच्या घरी मी राहून पाहिलंय. चांगली माणसं आहेत. मला एक खोली दिली होती, तिच्या खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. इथं सकाळी उन्हाचा चौकोन हिच्या खुर्चीवर येतो, मग जमिनीवर उतरतो, मग जातो. तेवढ्यात माझा चहा होतो. हे तिला कसं सांगायचं?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

जीन्स घालून वाचनालयात गेलो. जिन्यात एकदाही अडकलो नाही. वहिनी भेटल्या.

"वा, कुणी करून दिली उंची कमी?"

"मीच."

"तरीच," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "रात्री या ना जेवायला. हे जहाजावर आहेत अजून दोन महिने. मीही एकटीसाठीच रांधते."

म्हटलं, बघतो. गेलो नाही. दुसऱ्याच्या घरी जेवायला बसलं की बोलावं लागतं. आणि बोलायला लागलं की हिचा विषय निघतो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पँट पुन्हा लांब झाली.

आधी वाटलं, बुटांमुळे. दुसरे बूट घालून पाहिले. तेच. मागच्या बाजूला मोहरी टाचेखाली येते आणि तिथं कापड झिजायला लागलंय.

कारण धुण्यात असावं. हे कापड ओलं झालं की जड होतं आणि दोरीवर स्वतःच्याच वजनानं ताणलं जातं. मी कमरेला चिमटे लावून वाळत घालतो, म्हणजे सगळा ताण पायांकडे. यापुढं आडवी घालणार.

पट्टाही सैल पडलाय. चामडं शेवटी चामडंच. खिळा तापवून आणखी एक भोक पाडलं. मागच्या महिन्यातही पाडलं होतं. हल्ली कुठल्याच वस्तूला अंग राहिलेलं नाही.

दुपारी भात लावला. सवयीनं दोघांचा लावला गेला. थोडा खाल्ला. उरलेला संध्याकाळी खिडकीत ठेवला, पक्षी नेतात.

शनिवार, २२ नोव्हेंबर

दुसऱ्यांदा कापली. या वेळी दोन बोटं.

खडू बांधत होतो तेवढ्यात वहिनी डबा घेऊन वर आल्या. दार उघडंच होतं. मी पँट घालून खुर्चीला पाय घासत गोल फिरत होतो. त्यांना काय वाटलं असेल कोण जाणे.

"हे काय चाललंय?"

"मोजणी."

"अहो, टाचण्या द्या इकडे. सरळ उभे राहा. मी लावते, दोन मिनिटांचं काम."

"नको," म्हटलं.

"मी काय खाणार आहे तुम्हाला?"

"नको वहिनी. होतं माझं."

त्या डबा टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या. माझ्या कमरेकडे, पट्ट्याच्या लोंबत्या टोकाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, ही पँट तुमचीच ना? की कुणाची मागून आणलीत?"

मी हसलो. त्या गेल्यावर पायऱ्यांवर त्यांची पावलं बराच वेळ ऐकू आली नाहीत. मधेच थांबल्या असाव्यात.

नको का म्हटलं ते इथं लिहायला हरकत नाही. पँटच्या पायाशी बसून, तोंडात टाचण्या धरून, "हलू नका हो" असं म्हणणारं माणूस एकच होतं. टाचण्या तोंडात असल्यामुळं ते "हऊ ना ओ" असं ऐकू यायचं. मला हसू यायचं आणि मी हलायचो.

पट्ट्यांवर 'उ २', 'डा २' लिहिलं. या पट्ट्यांवर माझी टीप आहे. हिच्या टिपेशेजारी ठेवल्यावर फरक फारच दिसतो.

डबा उघडला. डाळ, भात, काकडी. काकडी खाल्ली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

भांडी घासताना अंगठी निसटली. जाळीवर अडकली म्हणून वाचली. साबणानं बोटं बुळबुळीत होतात. पुन्हा घातली, पुन्हा घसरली. मोरीत जायची एक दिवस. बटणांच्या डब्यात ठेवून दिली.

अंगठी नसली की बोटावर पांढरा वळसा दिसतो. दिवसभर तिकडंच लक्ष जात होतं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

तयारी. फरशी पुसली. पडदे झटकले. बाजारातून फळं, अंडी, दूध, भाज्या आणल्या. वांगंही आणलं, कारण मी ते खातो असं ठरलंय. पिशव्या वर आणताना तीनदा टेकलो. जिना पूर्वीचाच आहे.

फ्रीज भरला आणि मग थोडा रिकामा केला. अगदी गच्च असला तर आजच भरलाय हे कळतं. दुधाची पिशवी फोडून अर्धं दूध पातेल्यात ओतलं. लेक बारकाईनं बघते. माझ्याकडूनच शिकली.

जीन्सला इस्त्री केली. सदरा खोचायचा नाही, बाहेर सोडायचा. आरशासमोर उभा राहिलो. पँट बुटांवर बरोबर टेकते. आत येताना ती वरपासून खालपर्यंत बघेल. बघू दे.

शनिवार, २९ नोव्हेंबर

लेक दुपारी आली. बॅग खाली ठेवली आणि मिठी मारली. मारली आणि तशीच राहिली. मला वाटलं दमली असेल. पाठीवरून हात फिरवत होती, वरून खाली, जसं कुणी शिडीचे दांडे मोजतं.

"बाबा."

"काय?"

"काही नाही."

चहा केला. तिनं फ्रीज उघडला, बघितला, बंद केला. मला बरं वाटलं.

मग मी तिच्यासाठी वरच्या फडताळातली गादी काढायला हात वर केले. सदरा वर गेला. ती मागंच होती.

"थांबा," म्हणाली. "तसेच उभे राहा."

तिनं मागून पट्ट्याच्या आत हात घातला. मूठ वळून घातली होती. मूठ आत गेली आणि वर जागा उरली.

"पँट सैल पडलीय," मी म्हटलं. "कापडच तसलं निघालं. दोनदा उंची कमी केली. धुतलं की लांब होतं. मी आता आडवी वाळत घालतो."

ती पुढं आली. दोन्ही बाजूंनी पँट धरली आणि वर ओढली, जिथं कंबर असते तिथपर्यंत. मी खाली बघितलं. दोन्ही पायांचे घोटे उघडे होते. मोज्यांच्या वर चांगली चार बोटं नडगी दिसत होती. शाळेत जाणाऱ्या मुलाची असते तशी पँट.

"जमिनीपासून मोजलंत ना?" तिनं विचारलं.

"अर्थात. जमीन हलत नाही."

"जमीन नाही हलली बाबा." तिनं पँट तशीच वर धरून ठेवली होती. "खुणेचा दगड खचलाय."

मी हसलो. आमचं वाक्य आहे, हसायचंच असतं. तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि थांबलो.

संध्याकाळी तिनं वांग्याची भाजी केली. मी खाल्ली. फार वाईट लागते.

रविवार, ३० नोव्हेंबर

सकाळी ती वजनकाटा घेऊन आली. खालून, वहिनींकडून. आकडा मी बघितला नाही. तिनं बघितला आणि काटा पायानं पलंगाखाली सरकवला.

"किती?"

"खुणेचा दगड," ती म्हणाली. यापुढं हे वाक्य विनोदाला चालेल असं वाटत नाही.

मग म्हणाली, "कपडे भरा. उद्या सकाळी माझ्याबरोबर चला."

मी म्हटलं, "मी जेवतो."

"कधी?"

"भूक लागली की."

"आणि भूक कधी लागते?"

खरंच आठवेना. पूर्वी भूक लागायची ती आतून हाक आली की. "या, वाढलंय." हाक आली की लागायची. हे मी मोठ्यानं बोललो असं दिसतं, कारण लेक उठून बाल्कनीत गेली आणि बराच वेळ तिथंच उभी राहिली. उन्हाचा चौकोन खुर्चीवरून जमिनीवर उतरला. मी तो बघत होतो. ती आत आली आणि तिनंही बघितला.

"आई इथं बसायची."

"हो."

"तुम्ही रोज बघता हे?"

"चहा होईपर्यंत."

ती खुर्चीत बसली नाही. शेजारी जमिनीवर बसली.

थोड्या वेळानं म्हणाली, "जीन्स द्या इकडं. निदान ती तरी नीट करते. कापलेलं कापड टाकलंत?"

बटणांचा डबा पुढं केला. तिनं उघडला. वरच अंगठी होती. ती तिनं हातात घेतली, माझ्या बोटाकडं बघितलं आणि परत ठेवली. मग एकेक पट्टी काढली. आतली अक्षरं वाचली. 'उ १'. 'डा २'. तिला हसू फुटलं, मोठ्यानं, लहानपणी हसायची तसं. हसता हसताच डोळे पुसत होती.

"नंबर घातलेत! कापडाला नंबर!"

"नाहीतर उजवं डाव्याला लागतं."

"कोण आहात हो तुम्ही?"

तिनं माझी टीप उसवली. पायाला आधी दोन नंबरची पट्टी जोडली, तिला एक नंबरची. मशीन हिच्यासारखंच चालवते, जाड शिवण आली की चाकावर हात ठेवून हळू नेते. सुई मोडली नाही. प्रत्येक पायावर दोन आडवे जोड दिसतात. जोडात थोडं कापड जातं, त्यामुळं उंची थोडी कमीच भरली.

"आतल्या दुमडीत कापड आहे," मी म्हटलं. "हिने ठेवलंय. ते सोडलंस तर बरोबर होईल."

तिनं शेवटची पट्टी उजेडाकडं धरली. हिची टीप बारीक, सरळ.

"ही उसवायची?"

मी त्या टिपेवरून अंगठा फिरवला.

"राहू दे थोडी आखूड," ती म्हणाली.

मी पँट घातली. उंची आली, पण कंबर हातानं धरावी लागत होती. "आता कमरेलाही दोन टिपा मार," म्हटलं. "म्हणजे झालं."

"नाही." दोरा दातानं तोडून ती उठली. "कंबर मी आवळून देणार नाही. ती तुम्ही भरायची."

मग तिनं ठरवलं ते असं. कुलूप लावायचं नाही. रोज सकाळी आणि रात्री खाली वहिनींकडं जेवायचं. ती त्यांच्याशी बोलून आली आहे. बाजारहाट मी करायचा, रांधायचं त्यांनी. आणि काटा पलंगाखालीच राहील.

"पण बोलावं लागेल," मी म्हटलं.

"बोला मग."

"हिचा विषय निघेल."

"निघू दे."

"आणि मी गेलो नाही तर?"

"तर मी कुलूप घेऊन येईन. वहिनी मला रोज कळवणार आहेत. त्या म्हणाल्या, 'भाऊजींचा काही भरवसा नाही, पण मी हाक मारीन.'"

"हाक मारतील?"

"जिन्यातून. जोरात. आख्ख्या इमारतीला ऐकू जाईल म्हणाल्या."

दुसरी रात्रही राहून मग जाईन म्हणाली होती, पण कामावरून फोन आला. संध्याकाळच्या गाडीनं गेली. दारात मिठी मारली, पुन्हा ते पाठीवरून मोजणं. खिडकीतून बघितलं. कोपऱ्यावर वळताना तिनं वर पाहिलं. मी हात केला. दुसऱ्या हातानं पँट धरली होती.

घर आधी होतं त्यापेक्षा मोठं वाटतंय. मशीनवर झाकण घातलं. पिवळ्या दोऱ्याची बॉबिन जागेवर ठेवली. रात्री खाली गेलो नाही. उद्यापासून, असं ठरलंय.

सोमवार, १ डिसेंबर

सकाळी हाक आली. एका हातानं पँट आणि एका हातानं कठडा धरून खाली गेलो. टेबलावर दोन ताटल्या मांडल्या होत्या. एक अंडं आणि दोन पाव खाल्ले. वहिनींनी विचारलं, ही कशी होती, आणि मी सांगायला सुरुवात केली.